स्वरयंत्रातले पुन्हापुन्हा उगवणारे कोंब: या दुर्मिळ आजाराचा अभ्यास सांगली-साताऱ्यातून कसा सुरू करावा

डिस्चार्ज कार्डावर ‘रिकरंट रेस्पिरेटरी पॅपिलोमॅटोसिस’ किंवा नुसतं ‘आरआरपी’ असं लिहिलेलं दिसलं की घरातलं कुणीतरी मोबाईल घेऊन शोधायला बसतं आणि तासाभरात गोंधळून जातं. एका ठिकाणी लिहिलेलं असतं की ही साधी, कॅन्सर नसलेली वाढ आहे. दुसरीकडे पन्नासेक शस्त्रक्रिया झालेल्या कुणाची हकिगत सापडते, तिसरीकडे नव्या इंजेक्शनची बातमी. हा लेख अशा नातेवाइकांसाठी आहे. मिरज, कराड, सांगली, सातारा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्या आणि या आजारावर छोटा प्रकल्प करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनाही तो उपयोगी पडेल.

आजाराची थोडक्यात ओळख. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस म्हणजे एचपीव्ही. त्याच्या ६ आणि ११ या दोन प्रकारांमुळे श्वासमार्गाच्या अस्तरावर चामखिळीच्या जातीची वाढ होते. दुर्बिणीतून ती द्राक्षाच्या घोसासारखी दिसते. बहुतेकदा ती स्वरयंत्रात, स्वररज्जूंवर असते. काहींत ती श्वासनलिकेत उतरते आणि थोड्यांत फुफ्फुसापर्यंत जाते. मुलांमध्ये आजार बहुधा दोन ते चार वर्षांच्या वयात ओळखू येतो, मोठ्यांमध्ये वीस ते चाळीसच्या दरम्यान. अमेरिकेत १९९५ साली छापलेल्या पाहणीत दर लाख मुलांमागे ४.३ आणि दर लाख प्रौढांमागे १.८ असा अंदाज मांडला होता. वाढ काढता येते, पण आजूबाजूच्या निरोगी दिसणाऱ्या अस्तरातही विषाणू दडून असतो, म्हणून ती परत येते. शस्त्रक्रिया चुकली म्हणून वाढ परत आली असा अर्थ लगेच काढू नका.

अभ्यासाआधी श्वास

मूल शांत बसलेलं असतानाही श्वास घेताना घर्र किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, बरगड्यांमधली आणि गळ्याखालची कातडी आत ओढली जात असेल, दूध किंवा घास घेताना दम लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर वाचन बाजूला ठेवा आणि १०८ला फोन करा. जवळच्या दवाखान्यात आधी ऑक्सिजन मिळू द्या, पण पुढे जिथे कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघेही हजर असतात तिथेच जायचं आहे. स्वरयंत्रावर काम करताना सर्जनचं हत्यार आणि रुग्णाचा श्वास एकाच अरुंद वाटेतून जातात. ही भूल नेहमीची नव्हे, ती अनुभव असलेल्या हातांत असावी. मुलाला जबरदस्तीने आडवं झोपवू नका आणि घशात बोट घालून पाहू नका. चामखिळीवर लावायचे क्षार किंवा घशात फुंकायच्या पुडी कुणी सुचवल्या तर ठाम नकार द्या. आधीच अरुंद झालेल्या वाटेला थोडी सूज आली तरी ती बंद होऊ शकते.

जत, आटपाडी, माण, खटावच्या बाजूला आणखी एक घोळ होऊ शकतो. घरघर ऐकून ‘बाळदमा’ म्हणून पंप आणि वाफ सुरू होते आणि महिने जातात. फरक ओळखायला दोन खुणा उपयोगी आहेत. दम्यात आवाज सहसा घोगरा होत नाही आणि घरघर मुख्यतः श्वास सोडताना येते. इथे आधी आवाज किंवा रडणं बसतं आणि नंतर श्वास घेताना आवाज येऊ लागतो. तीन-चार आठवड्यांहून जास्त टिकलेला घोगरेपणा, मग तो मुलाचा असो की मोठ्यांचा, दुर्बिणीने पाहिलाच पाहिजे. नाकातून घालायची लवचीक दुर्बीण पुष्कळ मुलांत भूल न देताही घालता येते.

फाईल: खरं संशोधन इथून सुरू होतं

दुर्मिळ आजारात एका रुग्णाची नीट ठेवलेली फाईल मोलाची असते. गुगलवर जाण्याआधी पुढचे कागद गोळा करा: प्रत्येक शस्त्रक्रियेची ओटी नोट, म्हणजे सर्जनने लिहिलेली शस्त्रक्रियेची नोंद (डिस्चार्ज कार्ड पुरत नाही, त्यात तपशील नसतो), प्रत्येक तुकडा तपासणीचा (बायोप्सीचा) अहवाल, सीटी स्कॅनच्या मूळ प्रतिमा सीडी किंवा पेनड्राइव्हवर, आणि दुर्बिणीचं चित्रीकरण. हे चित्रीकरण बहुतेक ठिकाणी यंत्रात होतं, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही आणि जागा भरली की पुसलं जातं. शस्त्रक्रियेच्या दिवशीच कोरा पेनड्राइव्ह सोबत ठेवा.

कागद मागायचा तुमचा हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमावलीनुसार रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यायची असतात. आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपून ठेवायच्या असतात. तीन वर्षांनंतर त्या असतीलच याची खात्री नाही, तेव्हा जुने कागद आधी मागा. अर्ज मेडिकल रेकॉर्ड विभागात लेखी द्या आणि पोच घ्या.

विटा, खानापूर, आटपाडीकडच्या गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायात परराज्यांत गेलेल्या कुटुंबांना हे जास्तच लागू आहे. एक शस्त्रक्रिया एका राज्यात, दुसरी दुसऱ्या राज्यात, तिसरी गावी आल्यावर मिरजेला, आणि प्रत्येक ठिकाणचा डॉक्टर जणू पहिल्यांदाच पाहतो आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचंही तसंच. सगळे कागद तारखेच्या क्रमाने लावा, मोबाईलवर स्कॅन करून एकच पीडीएफ बनवा आणि ती घरातल्या दोन माणसांकडे ठेवा.

तुकडा आणि विषाणूचा प्रकार

तुकडा तपासणीच्या अहवालात ‘स्क्वेमस पॅपिलोमा’ असतं, पुष्कळदा ‘कॉयलोसायटोसिस’ (विषाणूमुळे बदललेल्या पेशी) असतं. तिसरा शब्द सर्वांत महत्त्वाचा: ‘डिस्प्लेशिया’, म्हणजे कॅन्सरच्या दिशेने जाऊ शकणारा पेशींतला बदल. तो आहे का, आणि असल्यास सौम्य, मध्यम की तीव्र, हे दर वेळी पाहा. ही वाढ कॅन्सरमध्ये बदलण्याचं प्रमाण कमी आहे, पण शून्य नाही. मोठ्या वयात सुरू झालेल्या आजारात, तंबाखू-सिगारेट चालू असेल तर, आणि फुफ्फुसात पसरल्यावर धोका वाढतो. म्हणूनच ‘मागच्या वेळी तपासला होता, आता कशाला’ असं म्हणून तुकडा टाकून देऊ देऊ नका.

विषाणूचा प्रकार ६ की ११ हे पीसीआरने कळतं. ११ असलेल्यांत, विशेषतः लहान वयात सुरुवात झाली असेल तर, आजार सरासरीने जास्त जोमाचा असतो. इथे दोन चुका होतात. पहिली चूक म्हणजे ‘एचपीव्ही टेस्ट’ एवढंच लिहून नमुना पाठवणं. गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी बनवलेल्या बहुतेक चाचण्या कॅन्सरचा धोका असलेले १४ प्रकार शोधतात आणि त्यांत ६ आणि ११ नसतात. अहवाल निगेटिव्ह येतो आणि घरच्यांना वाटतं की विषाणू नाहीच. मागणीपत्रावर ‘६ आणि ११ सह टायपिंग’ असं स्पष्ट लिहून घ्या आणि प्रयोगशाळेला आधी फोन करून विचारा. दुसरी चूक म्हणजे पी-१६ नावाच्या रंगचाचणीवर विसंबणं. ती जास्त जोखमीच्या प्रकारांचा माग काढण्यासाठी वापरतात. या आजाराचा प्रकार तिच्यातून कळत नाही.

नमुना कसा ठेवला यावरही बरंच ठरतं. तुकड्याच्या किमान दहापट १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन (तुकडा टिकवणारा द्राव) हवं. बफर नसलेल्या फॉर्मलिनमध्ये, किंवा योग्य फॉर्मलिनमध्येही आठवडाभर पडून राहिलेल्या तुकड्यातला डीएनए तुटतो आणि पीसीआर फसतो. साधारण ६ ते ७२ तासांत तो पुढच्या प्रक्रियेला गेला पाहिजे. जुन्या शस्त्रक्रियेचा मेणातला ब्लॉक पॅथॉलॉजी विभागात शिल्लक असेल, तर त्यातून वर्षांनंतरही टायपिंग करता येतं. नवा तुकडा काढण्याआधी ब्लॉकची चौकशी करा.

वही

हा आजार आपणहून वाढतो आणि आपणहून ओसरतो. काहींना महिन्या-दोन महिन्यांनी शस्त्रक्रिया लागते, मग काहीही न करता वर्षभर लागत नाही, मग पुन्हा लागते. काही मुलांचा आजार वयात येताना थांबतो, पण सगळ्यांचा नाही. त्यामुळे ओसरतीच्या काळात जे औषध चालू असेल त्याला श्रेय मिळतं. काढा असो, गोळी असो, नवस असो की महागडं इंजेक्शन, या आजाराबद्दलचे बहुतेक गैरसमज इथूनच निघतात. त्यावर एकच उपाय आहे, तो म्हणजे उपचार बदलण्याआधीपासून ठेवलेली नोंद.

एक शंभर पानी वही पुरे. प्रत्येक शस्त्रक्रियेला एक पान आणि त्यावर पुढचं लिहा: तारीख; आधीच्या शस्त्रक्रियेपासून किती दिवस गेले; ठरवून केली की श्वास अडल्यामुळे तातडीने; कुठल्या पद्धतीने केली, म्हणजे मायक्रोडिब्रायडर, कार्बन डायऑक्साइड लेझर, केटीपी लेझर की साधी हत्यारं; वाढ कुठेकुठे होती; आत काही टोचलं का, कुठलं औषध, किती मिलिग्रॅम; तुकड्याचा निकाल. ‘किती दिवस गेले’ हा आकडा सर्वांत मोलाचा. पुढे कुठलंही औषध लागू पडलं का, हे त्या आकड्यांच्या ओळीवरूनच ठरतं. मात्र सर्जन सुट्टीवर होते किंवा पैशाची सोय नव्हती म्हणून शस्त्रक्रिया लांबली असेल तर तसं समासात लिहा, नाहीतर तो आकडा फसवतो.

सर्जनला डर्के-कोल्ट्रेरा गुण लिहायची विनंती करा. १९९८ सालापासून जगभर ही पद्धत वापरतात. घशापासून फुफ्फुसापर्यंतच्या जागांची यादी असते आणि प्रत्येक जागेला ० ते ३ गुण देतात: वाढ नाही ०, पृष्ठभागालगत १, उंचावलेली २, मोठी गुठळी ३. लिहायला दोन मिनिटं लागतात. एका डॉक्टरचं ‘बरीच वाढ’ आणि दुसऱ्याचं ‘मध्यम वाढ’ यांची तुलना करता येत नाही, गुणांची करता येते.

घरी आवाज ध्वनिमुद्रित करा, आठवड्यातून एकदा. तोच मोबाईल, तीच खोली (पंखा बंद), तोंडापासून एक वीत अंतर, सकाळी तोंड धुतल्यावर. आधी एका श्वासात जमेल तितका लांब ‘आ’, मग दर वेळी तीच दोन वाक्यं. ‘आ’ किती सेकंद टिकला ते लिहा. इतरांशी तुलना करू नका, स्वतःच्याच आधीच्या आकड्याशी करा. सलग तीन आठवडे तो घसरत गेला तर तपासणीची तारीख अलीकडे ओढा. मोठ्या रुग्णांसाठी व्हीएचआय-१० ही दहा प्रश्नांची यादीही आहे. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, एकूण ४०, आणि ११ च्या वर गेलं तर आवाजाचा त्रास दखल घेण्याजोगा मानतात.

शोध घेताना

निदानाचं इंग्रजी स्पेलिंग अहवालावरून अक्षर न अक्षर उतरवून घ्या आणि पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या संकेतस्थळावर टाका, साध्या गुगलवर नको. नुसतं ‘आरआरपी’ टाकलंत तर प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेचे निबंध समोर येतील, कारण तिथेही हेच लघुरूप चालतं. जुन्या निबंधांत ‘लॅरिंजियल पॅपिलोमॅटोसिस’ आणि ‘ज्युव्हेनाइल लॅरिंजियल पॅपिलोमा’ अशी नावं आहेत, तीही शोधा. पॅपिलोमा, पॅपिलोमाज, पॅपिलोमॅटोसिस ही सगळी रूपं एकदम मिळवायची असतील तर इंग्रजी शब्द ‘पॅपिलोम’पर्यंत लिहून पुढे चांदणी द्या. नाकातला ‘इन्व्हर्टेड पॅपिलोमा’ हा वेगळा आजार आहे, त्यात वेळ घालवू नका.

पूर्ण निबंध फुकट नसेल तर आधी पबमेड सेंट्रलवर पाहा. शासकीय महाविद्यालयात शिकत असाल तर ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मधून १ जानेवारी २०२५ पासून हजारो नियतकालिकं उघडली आहेत, ग्रंथपालांना विचारा. तेही नाही जमलं तर निबंधावर दिलेल्या पत्त्यावर लेखकाला दोन ओळींचा ईमेल करा. दुर्मिळ आजारांवर काम करणारे लोक बहुधा उत्तर देतात.

निबंध वाचताना विचारायचे तीन प्रश्न

रुग्ण किती होते? तुलना कशाशी केली? किती काळ पाहिलं? सारांश वाचताना हे तीन आकडे वहीत लिहून मगच निष्कर्ष वाचा.

इंटरफेरॉनचं उदाहरण घ्या. १९८०च्या दशकात त्याचा मोठा बोलबाला होता. मग चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी झाली आणि १९८८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. पहिल्या सहा महिन्यांत इंटरफेरॉन घेणाऱ्यांची वाढ मंदावली होती, पण पुढच्या सहा महिन्यांत तो फायदा टिकला नाही. सहा महिन्यांवरच कुणी थांबलं असतं तर निष्कर्ष उलटा निघाला असता.

सिडोफोव्हिरची गोष्ट आणखी शिकवणारी आहे. वाढीच्या जागी टोचायचं हे औषध कितीतरी रुग्णमालिकांत (तुलनेचा गट नसलेल्या नोंदींत) गुणकारी दिसलं. २००८ साली वीसहून कमी मुलांवर आंधळी तुलना छापून आली, म्हणजे कुणाला काय टोचलं हे रुग्णाला आणि डॉक्टरला ठाऊक नव्हतं. निम्म्यांना औषध टोचलं, निम्म्यांना औषधाविना द्राव. वर्षभरात दोन्ही गट सुधारले आणि त्यांच्यात ठोस फरक दिसला नाही. सुरुवातीची मात्रा फार कमी होती असा आक्षेप त्यावर आहे आणि तो रास्त आहे. पण दुसरा गटही सुधारला, हे ध्यानात ठेवा. तो गट नसता तर सगळं श्रेय औषधाला गेलं असतं.

बेव्हासिझुमॅबबद्दल हल्ली सर्वांत जास्त विचारणा होते. हे मूळचं कॅन्सरचं औषध नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही, आणि या वाढीला रक्तपुरवठा भरपूर लागतो. शिरेतून, साधारण तीन आठवड्यांच्या अंतराने देतात. श्वासनलिकेत आणि फुफ्फुसात पसरलेल्या, शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेरच्या आजारात त्याचे परिणाम पूर्वीच्या कुठल्याही औषधापेक्षा जास्त ठळक आणि अनेक देशांतून सारखे आले आहेत, म्हणून त्याच्याकडे आम्ही गांभीर्याने पाहतो. तरी ते या आजारासाठी अधिकृत मंजुरीबाहेर दिलं जातं आणि थांबवल्यावर वाढ पुष्कळदा परत येते. रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिनं जातात, रक्तस्राव होऊ शकतो, जखमा उशिरा भरतात. दर डोसआधी रक्तदाब आणि लघवी तपासली जाते का, आणि शस्त्रक्रियेच्या आसपास डोस कसा सरकवणार, हे विचारा. भारतीय कंपन्यांची बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती औषधं मिळतात, त्यामुळे खर्चाची चौकशी करताना मूळ औषध आणि बायोसिमिलर या दोन्हींचे दर घ्या.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने) पॅपझिमिओस या उपचाराला मंजुरी दिली. तो फक्त प्रौढांसाठी आहे. शरीराच्या प्रतिकारशक्तीला एचपीव्ही ६ आणि ११ ने ग्रासलेल्या पेशी ओळखायला शिकवणारी ही चार इंजेक्शनं बारा आठवड्यांत त्वचेखाली देतात. आता तीन प्रश्न लावा. रुग्ण ३५. तुलनेचा वेगळा गट नाही, प्रत्येकाची तुलना स्वतःच्याच आदल्या वर्षाशी, आणि आदल्या वर्षात तीन किंवा जास्त शस्त्रक्रिया लागलेलेच रुग्ण घेतले होते. मंजुरीचा आकडा: उपचारानंतर १२ महिने १८ जणांना, म्हणजे ५१ टक्क्यांना, एकही शस्त्रक्रिया लागली नाही. वाईट वर्षातून निवडलेले रुग्ण पुढच्या वर्षी काही अंशी आपोआपही बरे दिसतात. पण वर्षाला तीन-तीन शस्त्रक्रिया लागणाऱ्यांपैकी निम्म्यांना शून्य लागणं केवळ नैसर्गिक ओसरतीने समजावता येत नाही, असं आमचं मत आहे. बातमी आणि निबंध यांत काय फरक असतो हे शिकायला यापेक्षा चांगला नमुना सध्या नाही.

पूरक औषधाचा विचार कधी करायचा? बऱ्याच निबंधांत वर्षाला चारपेक्षा जास्त शस्त्रक्रिया, भराभर वाढून श्वास अडणं किंवा खाली पसरलेला आजार हे निकष दिसतात. त्याखालच्या रुग्णात कुशल आणि संयमी शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार. इथे संयम म्हणजे सगळं खरवडून काढण्याचा हट्ट न धरणं. दोन्ही स्वररज्जू पुढे जिथे मिळतात तिथे एकाच वेळी दोन्ही बाजू सोलल्या तर त्या पापुद्र्याने चिकटू शकतात आणि आवाज कायमचा बिघडू शकतो. ‘थोडं ठेवलंय’ असं सर्जन म्हणाले तर तो कामचुकारपणा समजू नका.

खाली उतरलेला आजार

फुफ्फुसात पसरण्याचं प्रमाण शेकड्यात थोडं आहे, पण ओळखायला उशीर झाला तर महागात पडतं. सीटीत लहान गाठी आणि पातळ भिंतीच्या पोकळ्या दिसतात, बहुधा खालच्या आणि मागच्या भागात. पोकळी दिसली की आपल्याकडे आधी टीबी आठवतो, आणि टीबी तपासलाच पाहिजे. थुंकीची सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी चाचणी) करून घ्या. पण ती निगेटिव्ह असताना, आणि स्वरयंत्राच्या वाढीचा पूर्वेतिहास असताना, केवळ पोकळीवरून सहा महिन्यांचं औषध सुरू होत असेल तर जुनी फाईल छातीच्या डॉक्टरांपुढे ठेवा. त्यांना हा इतिहास पुष्कळदा कुणी सांगितलेलाच नसतो. लहान मुलांत दर वेळी सीटीचा आग्रह धरू नका, किरणांचा डोस साठत जातो.

गळ्याला छिद्र पाडून नळी बसवणं शक्यतो टाळतात, कारण त्या जागी आणि खाली वाढ पसरण्याचा धोका असतो. पण जीव वाचवायला ती बसवावी लागली तर विरोध करू नका. नंतर ती लवकर काढता येईल का, एवढं विचारत राहा.

आईवर बोट ठेवू नका

मुलांमध्ये हा विषाणू बहुधा जन्माच्या वेळी आईकडून येतो. इंटरनेटवर हे वाचून घरात भांडणं होतात, सुनेला माहेरी धाडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणून आकडे सांगतो. डेन्मार्कमधल्या २००३ सालच्या अभ्यासात, गरोदरपणात जननेंद्रियावर चामखिळी असलेल्या मातांच्या दर हजार बाळंतपणांत सुमारे ७ मुलांना हा आजार झाला. म्हणजे अशा मातांचीही ९९३ मुलं त्यातून सुटली. एचपीव्ही इतका सर्रास आहे की लैंगिक संबंध असलेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात कधीतरी त्याचा संसर्ग होऊन जातो. तो वर्षानुवर्षं लक्षणांविना राहतो, त्यामुळे कधी आणि कुणाकडून आला हे कुठल्याही चाचणीने सांगता येत नाही. सिझेरियनने धोका पूर्ण टळत नाही. भाऊबहिणींना वेगळं ठेवायची, ताटवाटी वेगळी करायची, शाळा बंद करायची काही गरज नाही.

आजार टाळायचा मार्ग मात्र आहे. ६ आणि ११ हे प्रकार समाविष्ट असलेली लस हवी. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर आहे, ९ ते २६ वर्षांच्या मुलींना आणि मुलग्यांना देतात. १४ वर्षांपर्यंत सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, १५ पासून पुढे ०, २ आणि ६ महिन्यांनी तीन. फक्त १६ आणि १८ वरची लस या आजारापासून वाचवत नाही, म्हणून खोक्यावरचे आकडे वाचा. ऑस्ट्रेलियात २००७ पासून चार प्रकारांची लस दिली गेली. तिथे मुलांमधला हा आजार २०१२ साली दर लाखामागे ०.१६ होता, तो २०१६ साली ०.०२ वर आला.

विद्यार्थ्यांनी प्रकल्प करताना

एका महाविद्यालयात या आजाराचे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मिळतील. त्यामुळे ‘कुठला उपचार चांगला’ असा प्रश्न घेऊ नका, तो तेवढ्या संख्येत सुटत नाही. ‘पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत किती महिने गेले आणि त्या काळात कुठलं निदान लावलं होतं’ हा प्रश्न घ्या. तो जुन्या नोंदींतून सुटतो आणि इथल्या मुलांच्या थेट उपयोगाचा आहे. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांक-यादीत स्वरयंत्राच्या साध्या गाठींचा संकेतांक डी १४.१, श्वासनलिकेचा डी १४.२ आणि श्वासनलिकांच्या शाखा व फुफ्फुसाचा डी १४.३ आहे. मेडिकल रेकॉर्डमध्ये तिन्ही काढा. डी १४.१ मध्ये इतर गाठीही येतात, म्हणून पॅथॉलॉजीच्या रजिस्टरशी ताळा करा. ओटी रजिस्टर वेगळं पाहा, संकेतांक चुकलेले रुग्ण तिथे सापडतात. नोंदींना हात लावण्याआधी संस्थेच्या नीतिमत्ता समितीची लेखी परवानगी हवी. मुलांशी बोलणार असाल तर पालकांच्या संमतीबरोबर ७ ते १२ वयात मुलाची तोंडी आणि त्यापुढे १८ पर्यंत लेखी अनुमती घ्यायची, असं आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. खेड्याचं नाव आणि वय एकत्र छापलं तरी दुर्मिळ आजारात रुग्ण ओळखू येतो, तेव्हा तालुकासुद्धा लिहू नका.

लेझरच्या वेळी ओटीत उभे राहणार असाल तर एन-९५ मास्क आणि धूर ओढणारं यंत्र दोन्ही असावीत. धुरात विषाणूचा डीएनए सापडला आहे, आणि १९९१ साली नॉर्वेतून एका लेझर सर्जनच्याच स्वरयंत्रात अशी वाढ झाल्याची नोंद आहे.

चालू चाचण्या शोधणं आणि पत्र लिहिणं

भारतातल्या औषधचाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीच्या संकेतस्थळावर नोंदवाव्या लागतात, १५ जून २००९ पासून ते बंधनकारक आहे. परदेशातल्या क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हवर दिसतात. दोन्हीकडे ‘रुग्णभरती चालू’ हा गाळणी-पर्याय निवडा, मग वयाची अट पाहा, कारण मोठ्या संख्येने चाचण्या फक्त प्रौढांसाठी असतात. खऱ्या चाचणीत प्रयोगातल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. कुणी मागितले तर तिथेच थांबा.

मुंबई-पुण्याच्या किंवा परदेशातल्या तज्ज्ञाला लिहायचं तर पत्र एका पानाचं हवं: वय, सुरुवात कधी, एकूण शस्त्रक्रिया, गेल्या १२ महिन्यांतल्या शस्त्रक्रिया, विषाणूचा प्रकार, डिस्प्लेशिया आहे की नाही, छातीच्या सीटीचा निकाल, आजवर दिलेली औषधं मात्रेसह, आणि शेवटी एकच नेमका प्रश्न. ‘आम्ही काय करावं?’ याला कुणी दुरून उत्तर देऊ शकत नाही. ‘वर्षात पाच शस्त्रक्रिया झालेल्या, श्वासनलिकेत पसरलेल्या सहा वर्षांच्या मुलाला बेव्हासिझुमॅब सुरू करण्याआधी कुठल्या तपासण्या कराल?’ याला देऊ शकतो. पत्र पाठवण्याआधी आपल्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांचा ईमेलही त्यात घाला, म्हणजे उत्तर दोघांना एकदम पोचेल. इथल्या शस्त्रक्रियांच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं रुग्णालय आणि ही शस्त्रक्रिया बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा. पुन्हा शस्त्रक्रिया लागणारच हे ठाऊक असल्यामुळे पूर्वमंजुरीचे कागद आधीच तयार ठेवा.